नवतप्यात गेलेला आवाज

यंदाही नवतपा लागला आणि लोक मला विचारू लागले, फोन मंद का चालतो.

दरवर्षी असंच होतं. मेच्या अखेरीस ते नऊ दिवस येतात. सकाळी नऊलाच आमच्या नागपूरच्या महाल भागातले रस्ते पांढरे दिसायला लागतात. दुपारी दुचाकीच्या सीटवर हात ठेववत नाही. बाया डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून निघतात. खिडकीतला कूलर दिवसभर घरघरतो आणि त्यातल्या ओल्या खसाचा वास उशीला, टॉवेलला, वहीच्या पानांनाही लागतो. माणसांसारखे फोनही या दिवसांत थकतात. गरम होतात, मधेच अडकतात, बोट लावलं तरी हलत नाहीत. मग कोणी उमरेडहून, कोणी कळमेश्वरहून, कोणी थेट पुण्याहून आपला प्रश्न मराठीत टाइप करतो आणि शोधत शोधत माझ्या पानावर येतो.

मी इंटरनेटवर तंत्रज्ञानाबद्दल लिहिते, मराठीत. मी कुठल्या कंपनीची नाही आणि वर्तमानपत्राचीही नाही. स्वयंपाकघराला लागून जी छोटी खोली आहे तिथे एक टेबल आहे, एक लॅपटॉप आहे, लोकांकडून मागून आणलेले चार जुने फोन आहेत. एवढंच माझं कार्यालय. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "तू दिवसभर काय करून राहते वं?" मी म्हटलं, "मोबाइलबद्दल लिहिते." त्या खूश झाल्या. "मंग माह्या फोनचा आवाज बारीक झाला, तेवढा मोठा करून दे न." मी करून दिला. आमच्या गल्लीत अजूनही माझी ओळख फोन दुरुस्त करणारी बाई अशीच आहे, आणि ती मी कधी खोडून काढली नाही.

आधी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. लग्नपत्रिका, शाळेच्या परीक्षेच्या मार्गदर्शिका, कुणाच्या साठीनिमित्त काढलेली स्मरणिका. दुसऱ्याने लिहिलेल्यातल्या चुका शोधायच्या, लाल शाईने खुणा करायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा मी घरी बसले, आणि माझे सासरे रोज संध्याकाळी नवा फोन घेऊन माझ्यासमोर बसायला लागले. त्यांना सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की फोनबद्दल जे काही लिहिलेलं आहे ते एकतर इंग्रजीत आहे, नाहीतर इंग्रजीहून अवघड अशा मराठीत. म्हणून मी लिहायला लागले. सासऱ्यांना कळेल असं लिहायचं, एवढाच नियम. ते गेले तरी नियम तोच राहिला. निदान मला तसं वाटत होतं.

नवतपा आला की मला ते एक वर्ष आठवतं.

त्या वर्षी मी मोठ्या हौसेने लेख लिहिला होता. उन्हाळ्यात फोन मंद झाला तर काय करायचं, त्याच्या सात पायऱ्या. प्रत्येक पायरीला चित्र, चित्रावर लाल बाण. फोन सावलीत ठेवा, इथपासून सुरुवात. सातवी पायरी अशी होती की बाकी कशानेच काम झालं नाही तर फोन रीसेट करून नव्यासारखा कोरा करा. लेख खूप वाचला गेला. माझ्याकडे एक पान असतं, त्यावर किती लोक आले याची रेघ वरखाली होते. त्या आठवड्यात ती रेघ कूलरसमोर टांगलेल्या पडद्यासारखी वर उडाली होती. मी दिवसातून दहादा ते पान उघडून बघायची. सुनील, माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो. तो म्हणायचा, "अगं, रेघच आहे ती. तिच्याकडे पाहून पोट भरते का?" पण तोही जाता-येता डोकावून जायचा.

आणि मग एका सकाळी लेखाखाली वाचकांच्या प्रतिक्रियांमध्ये हे आलं:

"ताई तुम्ही सांगतल्यावानी सगळं केलं. फोन चांगला चालून राहिला. पण त्याच्यात माह्या मालकाचा आवाज होता तो दिसत नाही. तो कुठं भेटन. प्रमिला, खापा."

मी ते वाचलं, चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा वाचलं. त्यात राग नव्हता. तक्रारही नव्हती. भांडं घासून परत ठेवताना कुठल्या फळीवर ठेवू असं विचारावं, तसं तिने विचारलं होतं.

पहिल्यांदा मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी माझा लेख उघडला आणि सातव्या पायरीखाली बघितलं. तिथे मी लिहिलं होतं: "लक्षात ठेवा, यामुळे फोनमधला सगळा डेटा पुसला जाईल." ठळक अक्षरांत. मला केवढं हायसं वाटलं. मी सुनीलला हाक मारली, लेख दाखवला. तो म्हणाला, "तू तर लिहिलं होतं न. आता कोणी वाचलंच नाही तर तू काय करणार?"

मी हो म्हटलं. पण दिवसभर दुसरं काही लिहू शकले नाही. "तो कुठं भेटन" हे तीन शब्द डोक्यातून जाईनात. संध्याकाळी मी तिला उत्तर लिहिलं, माझा नंबर दिला. पाच मिनिटांत फोन आला. आवाज पन्नाशीतल्या बाईचा, थोडा मोठ्याने बोलणारा, जणू नागपूर लांब आहे म्हणून जोर लावायला हवा.

तिने सगळं सरळ सांगितलं. तिचे मालक नामदेवराव. खाप्याच्या बाजारात त्यांचं कापडाचं छोटं दुकान होतं, ब्लाउजपीस, अस्तर, परकर असं. गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. फोन त्यांचाच होता. त्यांना टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळ्यांना बोलूनच मेसेज पाठवायचे. ते गेल्यावर फोन प्रमिलाबाईंकडे आला. त्यांनी एक दिवस त्यावरचं छोटं त्रिकोणी चिन्ह दाबलं आणि नामदेवराव बोलायला लागले.

"मंग मी रोज ऐको," ती म्हणाली. "दुपारी जेवण झालं की एकडाव ऐको. शेवटचा मेसेज होता, गांधीबागच्या शेठले पाठवलेला. अस्तराचा. त्याच्यात काई नाही वं ताई, कापडाचंच बोलनं हाये. पन ऐको."

"आणि रीसेट केल्यावर..."

"फोन फार अडकून राहिला होता. आवाज तुटून तुटून ये. म्हनून तं केलं. तुमचा लेख भेटला, मराठीत होता, सगळं समजलं."

सगळं समजलं, असं म्हणाली ती.

दुसऱ्या दिवशी मी एसटीने खाप्याला गेले. सुनील म्हणाला होता की फोनवरच सांग तिला, एवढ्या उन्हात कुठं जातेस. मला तो फोन हातात घेऊन बघायचा होता. आणि खरं सांगायचं तर, ती ठळक ओळही तिला दाखवायची होती. आपली चूक नाही हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. सावनेरकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून झळा आत येत होत्या. शेजारच्या बाईने पदराच्या टोकाला कांदा बांधला होता, त्याचा वास आणि डिझेलचा वास एकमेकांत मिसळला होता. कन्हानचं पात्र रिकामं, पांढरं, लांबवर वाळूत डांगरवाडीचे, टरबूज-खरबुजाच्या वेलांचे हिरवे पट्टे. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. छापखान्यात कुणी चूक अंगावर ढकलली की आम्ही मूळ प्रत काढून दाखवायचो. माझ्या पर्समध्ये माझी मूळ प्रत होती.

प्रमिलाबाई रस्त्यावर येऊन उभ्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, हाताची सावली डोळ्यांवर धरून. घर बाजारालाच लागून. पुढच्या खोलीत दुकान होतं, आता निम्म्या फळ्या रिकाम्या. त्यांनी आधी कैरीचं पन्हं दिलं, मग पाय धुवायला पाणी दिलं, मग पुन्हा पन्हं दिलं. फोन एका रुमालात गुंडाळून ठेवला होता. तो मी उघडून पाहिला. कोरा. मी जे जे माहीत होतं ते सगळं केलं. बॅकअप शोधला. कधी घेतलाच नव्हता. नामदेवरावांना कुणी सांगितलंच नव्हतं की असं काही असतं.

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली.

"नाही भेटत?"

"या फोनमध्ये नाही आता."

त्यांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला. मग म्हणाल्या, "बरं. तुमी एवढ्या उन्हाच्या आल्या, तुमचेच उपकार."

मला ते सहन झालं नाही. मी पर्समधला माझा फोन काढला, लेख उघडला आणि ती ठळक ओळ त्यांच्यासमोर धरली. आवाज शक्य तेवढा मऊ ठेवून विचारलं, "बाई, हे वाचलं नव्हतं का तुम्ही?"

त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं. "यामुळे फोनमधला सगळा डेटा पुसला जाईल. हाव, वाचलं न. फोनबी तसंच इचारत होता, डेटा पुसू का म्हनून."

"मग?"

"मंग काय? डेटा तं रोज सकाळी नवा येते न वं. मले वाटलं, आजचा नेटपॅक जाईन. जाऊ दे म्हटलं एक दिवस."

दुकानाच्या पत्र्यावर कुठेतरी कावळा उतरल्याचा आवाज झाला. मी फोन खाली ठेवला.

रोज सकाळी नवा येणारा डेटा. पॅकमधला, दिवसाला इतका मिळणारा, संध्याकाळी संपणारा. खाप्यात, महालात, माझ्या शेजारच्या काकूंकडे, या शब्दाचा तेवढाच अर्थ आहे. माझ्या सासऱ्यांनीही तोच अर्थ घेतला असता. मी तो शब्द लिहिताना क्षणभर थांबले नव्हते. मला तो मराठीच वाटला होता. "तुमचे फोटो, तुमच्या माणसांचे मेसेज, त्यांचे आवाज, सगळं कायमचं जाईल" एवढं लिहायला एक ओळ पुरली असती. मी ठळक अक्षरं केली आणि अर्थ द्यायचा विसरले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या वेलांट्या तपासणारी मी.

"बाई," मी म्हटलं, "चूक माझी आहे. तुमची नाही."

"तुमची कायची चूक?"

"शब्द चुकला माझा."

त्या मला समजावायला लागल्या. तुम्ही काय मुद्दाम केलं का, फोनच जुना झाला होता, असं काय काय. एका क्षणी आमची जागा बदलली आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

निघायच्या आधी हात धुवायला मी मागे गेले. तिथे खुंटीला एक पिशवी टांगली होती, कापडी, धुऊन धुऊन पातळ झालेली. त्यावर नागपूरच्या कापडबाजारातल्या, गांधीबागेतल्या एका दुकानाचं नाव आणि नंबर छापलेला. मी तिच्याकडे बघत उभी राहिले आणि मला एकदम जे कळलं ते मला कालच कळायला हवं होतं. मेसेज दोन ठिकाणी असतो. पाठवणाऱ्याकडे, आणि ज्याला पाठवला त्याच्याकडे.

"बाई, ते अस्तराचे शेठ हेच का?"

"हाव, दिनेशभाई. काहून?"

मी त्यांना काही सांगितलं नाही. न सापडणारी गोष्ट दुसऱ्यांदा हरवू नये, असं वाटलं. फक्त म्हटलं, ही पिशवी मला न्यायची आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गांधीबागेत गेले. नवतप्याच्या दुपारी तिथल्या गल्ल्यांमध्ये गिऱ्हाईक नसतं. कापडाच्या गठ्ठ्यांवर दुपारची ग्लानी पसरलेली असते आणि नव्या कापडाचा कोरा, जरा खळीचा वास उन्हाने आणखी वर येतो. दिनेशभाई गादीवर लोडाला टेकून बसले होते, साठीचे, बनियनवर पातळ सदरा. मी बूट काढून काठावर बसले आणि नामदेवरावांचं नाव घेतलं.

"खापावाले?" ते सरळ बसले. "अरे, बहोत भले माणूस. काय झालं ते समजलं मले. तुम्ही कोण त्यांच्या?"

मी कोण? मी म्हटलं, "मी लिहिते. माझ्या लिहिण्यामुळे त्यांच्या बायकोच्या फोनमधून त्यांचा आवाज गेला. तुमच्या फोनमध्ये त्यांचे मेसेज असतील तर मला हवेत."

त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी काही विकायला आले आहे. मग त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि फोन उचलला.

"आपण कोणाचं काही मिटवत नाही, बहनजी. कपडे का धंदा है. उद्या कोणी म्हणन, मी हिरवा सांगितला होता, तुम्ही पोपटी पाठवला. तर मी त्यालेच त्याचा आवाज ऐकवतो." ते बोटाने वर वर सरकवत होते. नावं जात होती, चेहरे जात होते. "रुको. हां. हे बघा."

नामदेवराव, खापा. खाली लांबपर्यंत आवाजाच्या छोट्या छोट्या पट्ट्या, एकाखाली एक.

"लावू?"

खात्री करायला एक लावावाच लागणार होता. दिनेशभाईंनी शेवटचा लावला. पंख्याच्या आवाजात एक जाडसर, निवांत आवाज दुकानभर पसरला. "दिनेशभाई, नामदेव बोलून राहिलो, खाप्याहून. मागच्या डावचं जांभळं अस्तर रंग सोडून राहिलं बरं. बायांनी मले लई बोल लावले. यंदा तसं नोका पाठवू. अन् तब्येत सांभाळजा, थंडी वाढली."

समोर कापडाची घडी घालणारा माणूस थांबला. दिनेशभाईंनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे बघत राहिले. "तो अस्तर खरंच खराब होता," ते म्हणाले. "मी सांगितलंच नाही त्यांना."

बाकीचे आम्ही ऐकले नाहीत. ते माझ्यासाठी नव्हते. मी त्यांना दाखवलं कसे पाठवायचे, आणि ते एकेक करून माझ्या फोनवर पाठवत बसले. मधे गिऱ्हाईक आलं तर त्यांनी हाताने थांबायची खूण केली. सगळे यायला ऊन कलेपर्यंत वेळ लागला. घरी जाऊन मी प्रत्येकाला क्रमांक दिला, दोन ठिकाणी जपून ठेवले, आणि पुन्हा एकदा मोजून पाहिले.

खाप्याला मी परत गेले त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. नुसता उकाडा. प्रमिलाबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. हात पिठाचे. मी म्हटलं, "हात धुऊन या. बसा इथं."

मी त्यांच्या फोनवर सगळे आवाज घातले. शेवटचा लावला. जांभळ्या अस्तराचा.

त्या हलल्या नाहीत. डोळे मिटले नाहीत की तोंडाला पदर लावला नाही. ऐकलं, आणि "तब्येत सांभाळजा" आल्यावर हळूच मान हलवली, रोज हलवत असतील तशी. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाच. हाच वं."

"अजून आहेत, बाई. खूप आहेत. जुने."

"जुने? मले तं हा एकच ठावा होता. वर कसं जायाचं, तेच समजे नाही."

मी त्यांना वर कसं सरकायचं ते दाखवलं. त्यांच्या बोटाने. मी हात लावला नाही. बोट दोनदा भलतीकडेच लागलं, तिसऱ्यांदा नीट. मधलाच कुठलातरी एक मेसेज त्यांनी दाबला.

"दिनेशभाई, मोरपंखी रंगाचे ब्लाउजपीस आले असन तं..." नामदेवराव बोलत होते. मागे कुठेतरी सायकलची घंटी वाजली, भांडं पडलं. आणि मग लांबून एक बाईचा आवाज आला, मोठा, खणखणीत: "अजी, चहा थंडा होऊन राहिला!"

प्रमिलाबाईंनी माझा हात धरला. "हे तं मीच!"

आणि त्या मेसेजमध्ये नामदेवरावांनी बोलणं तोडलं, तोंड फोनपासून फिरवलं असावं, आवाज जरा दूर गेला. "हाव, आलो न, आलो." मग पुन्हा जवळ येऊन, हसत: "हां दिनेशभाई, तं मोरपंखी."

तो मेसेज संपला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा ती हाक आली, पुन्हा ते "आलो" म्हणाले. तिसऱ्यांदा हाक यायच्या आधी प्रमिलाबाईंचे ओठ हलले, त्या स्वतःबरोबर बोलल्या: चहा थंडा होऊन राहिला. आणि मग त्या रडल्या, पहिल्यांदा, मोठ्याने, अंगणातल्या कुरडया राखणारं कुत्रं उठून उभं राहील इतक्या मोठ्याने. त्या हिवाळ्यानंतर रडायचं राहून गेलं होतं, असं त्या नंतर म्हणाल्या. लोक येत होते, जेवणं होती, दुकान होतं.

डोळे पुसून झाल्यावर मी विचारलं, "पुढचा लावू?"

त्यांनी फोन स्वतःकडे ओढून घेतला. "नोको वं. सगळे एकदम नोको. पुरवून ऐकीन."

परतताना बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला लिहिणं सोडून द्यावंसं वाटत होतं, हे खरं आहे. सुनीलला तसं म्हणालेही. त्याने गणिताच्या मास्तरासारखं उत्तर दिलं. "चुकलेलं गणित पोरं खोडून टाकतात. मी त्यांना सांगतो, खोडू नका, शेजारी बरोबर करून दाखवा." म्हणून तो लेख मी काढून टाकला नाही. सगळ्यात वर लिहिलं, की या लेखात मी एक शब्द चुकीचा वापरला, त्यामुळे एका घरातला आवाज गेला, आणि आता तो शब्द काढून टाकला आहे. सातवी पायरी पुन्हा लिहिली. काय काय जाईल ते एकेक करून लिहिलं. फोटो. मेसेज. गेलेल्या माणसांचे आवाज. आणि ते आधी कुठे जपून ठेवायचे, तेही.

पण वेबवरचं लिहिणं आपल्या टेबलावर राहत नाही. माझा जुना लेख तोपर्यंत पाच-सात जणांनी उचलून आपापल्या पानांवर चिकटवला होता, चित्रांवरच्या माझ्या लाल बाणांसकट. मी सगळ्यांना पत्रं लिहिली. दोघांनी दुरुस्त केलं, एकाने उलट विचारलं की तुम्ही कोण. आता तर लोक प्रश्न विचारतात आणि एखादं यंत्रच त्यांना चार ओळींत उत्तर देतं. त्या ओळी कुणी लिहिल्या, कुठल्या दुपारी, कुणाच्या रडण्यानंतर त्या बदलल्या, ते त्यात दिसत नाही. माझ्या पानावरची ती रेघ हल्ली फारशी वर जात नाही. त्याचं मला पूर्वीइतकं वाईट वाटत नाही, असं म्हटलं तर ते अगदी खरं होणार नाही. पण लिहायच्या आधी मी आता एक करते. काकूंना, दूधवाल्याच्या आईला, कुणालातरी शेजारी बसवते, माझी वाक्यं वाचायला देते आणि त्यांच्या बोटाकडे बघत राहते. बोट जिथे थांबतं, तिथे माझा शब्द चुकलेला असतो.

प्रमिलाबाई आता स्वतः बोलून मेसेज पाठवतात. मला, बहिणीला, दिनेशभाईंना. दुकानाच्या फळ्या त्यांनी पुन्हा भरल्या. अस्तर त्या स्वतः पाण्यात बुडवून बघतात आणि मगच ठेवतात. सणावाराला, कधी नुसत्याच एखाद्या दुपारी, त्यांचा आवाज माझ्या फोनवर येतो. परवा, या नवतप्याच्या चौथ्या दिवशी आला:

"ताई, आज एक नवा ऐकला. त्याच्यात ते शेठशी भांडून राहिले वं, परकराच्या नाडीवरून! मले इतकं हासू आलं. जेवल्या का तुमी?"

नवा, असं म्हणाल्या. इतक्या वर्षांनीही त्यांचे ऐकायचे राहिलेले आहेत. किती राहिलेत ते मला माहीत आहे, क्रमांक मीच घातले होते. त्या कधी विचारत नाहीत आणि मी कधी सांगत नाही.

मी त्यांना उत्तर पाठवलं, बोलूनच. जेवले, म्हटलं.